परकराची नाडी

पहाटेचे तीन वाजले असतील. कमरेखाली गार लागलं म्हणून जाग आली, आणि डोक्यात जो पहिला विचार आला तो लिहायला थोडी लाजच वाटते. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला अंथरूण ओलं लागलं की पहिला संशय स्वतःवरच येतो. मग ताडपत्रीवर वाजणारा पाऊस कानात शिरला आणि जीव भांड्यात पडला. म्हणजे गळतंय ते वरून. मोबाईलचा टॉर्च लावून वर पाहिलं. ताडपत्री आतून ठणठणीत कोरडी. कुठं भोक नाही, कुठं शिवण उसवलेली नाही. बाजूनं झड येतेय म्हणावं तर वारा केव्हाच पडलेला. पाऊस शहाण्या पोरासारखा सरळ उभा पडत होता. अंगावरच्या चादरीच्या कडाही कोरड्या होत्या. ओलं होतं ते नेमकं मधोमध, जिथं हॅमॉकला, म्हणजे दोन झाडांच्या मध्ये टांगलेल्या कापडी झोळीला, सगळ्यात जास्त झोळ पडतो तिथं. हात घालून पाहिलं तर तळहाताएवढा डाग. हात तिथंच ठेवून पडून राहिले, तेव्हा लक्षात आलं की तो वाढतोय.

वरून नाही, बाजूनं नाही. मग पाणी आलं कुठून?

उजेड फिरवता फिरवता उशाकडच्या पट्ट्यावर गेला आणि चोर सापडला. पट्ट्याच्या खालच्या काठाला एक थेंब लटकला होता. आता पडेल, मग पडेल म्हणून मी वाट बघत राहिले. तो पडलाच नाही. थोडा फुगला, पोट खाली ओघळलं, आणि पट्ट्याचा उतार धरून गोगलगायीसारखा माझ्याकडे सरकायला लागला. वाटेत दुसरा एक थेंब थबकलेला होता. त्याला पोटात घेऊन हा दुप्पट जाड झाला आणि त्यानं वेग धरला. पट्टा आणि हॅमॉक जोडणाऱ्या लोखंडी कडीपाशी आला, कडीच्या वाकाला एक चक्कर मारली, थोडासा तिथं खाली गळाला आणि उरलेला पलीकडच्या दोरीवर जाऊन हॅमॉकच्या चुण्यांत शिरला. त्याच्यामागे दुसरा. त्याच्यामागे तिसरा. झाडाकडे उजेड टाकला तर निंबाच्या खोडावरून पाण्याचा चांगला ओहळ उतरत होता. खोडाला आवळलेल्या पट्ट्यानं तो अडवला होता, आणि अडलेलं पाणी पट्ट्याच्या उतारानं सरळ माझ्या पाठीखाली येत होतं. डोक्यावर एवढी मोठी ताडपत्री, आणि पाऊस आपला चपला काढून दारातून आत आल्यासारखा आत आला होता.

तर हा हॅमॉक माझा नाही, मुलाचा. तो पुण्याला असतो, सुट्टी मिळाली की डोंगरात जातो, आणि मागच्या दिवाळीत हे गाठोडं धुळ्याच्या घरी माळ्यावर टाकून गेला. दोन मुठींत मावेल एवढ्या पिशवीतून साडीपेक्षा लांब कापड निघतं याचंच मला नवल. हे मूळ कुठलं, तर कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचं; १४९२ मध्ये कोलंबस तिथं पोचला तेव्हा माणसं झाडांना टांगलेल्या जाळ्यांत झोपलेली दिसली, त्यांच्या ‘हमाका’ या शब्दाचं पुढं हॅमॉक झालं, हे सगळं मुलानं मला पोहे खाता खाता ऐकवलं होतं. मी म्हटलं, बरं. आमच्याकडे बाया पाचशे वर्षं काय, त्याच्याही आधीपासून पोरं झाडाला टांगत आल्या असतील, त्यांची नोंद ठेवायला कोणी जहाजातून आलं नाही एवढंच.

आषाढात दादाकडे माहेरी जायचं ठरलं तेव्हा ते गाठोडं मी बॅगेत टाकलं. दादाचं शेत पिंपळनेरच्याही पुढं, सह्याद्रीच्या अंगाला. खान्देश म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढं केळी, कापूस आणि मे महिन्यातलं जळगाव येतं. पण साक्रीचा पश्चिम भाग निराळा आहे. धुळ्यात छत्री वर्षातून चार वेळा उघडावी तर इकडे भाताची खाचरं भरतात. दादाच्या शेतातलं घर म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, आणि पडवीपासून वीसेक पावलांवर एक निंब आणि एक गावठी आंबा, बरोबर पट्टे पुरतील एवढ्या अंतरावर. दुपारीच मी बांधून ठेवलं. दादा बैलांना वैरण टाकून आला, कंबरेवर हात ठेवून बघत राहिला आणि म्हणाला, “आते झोयीमा निजशी का तू?” वहिनी हसली नाही, उलट काळजीत पडली. “ताई, रातले घरमाच निजा,” असं तीनदा म्हणाली. शेवटी दादानं मका झाकायची ताडपत्री काढून दिली, दोन झाडांच्या मध्ये नायलॉनची दोरी ताणून त्यावर टाकून दिली, चारी कोपरे खुंट्यांना बांधले, आणि जाताना पुटपुटला ते मला ऐकू यावं अशा बेतानंच पुटपुटला: “येड लागनं हिले.”

झोपायचं का होतं, याचं खरं उत्तर मी त्याला दिलं नाही. याच निंबाला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमचा झोका असायचा. बैलाचा जाड दोर, त्यात पोत्याची घडी. लग्न झालेल्या मुली माहेरी आल्या की दोघी-दोघी समोरासमोर उभ्या राहून झोका चढवायच्या, आणि आम्ही लहान पोरी आपला नंबर कधी येतो म्हणून परकर सावरत उभ्या. उन्हाळ्यातला निंबाचा मोहर, त्याचा कडवट गोड वास, आणि दोराच्या घर्षणानं फांदीची साल सोलून निघायची तो ओला वास. ती फांदी आता नाही. खोडावर गाठीसारखा एक गोल फुगवटा राहिलाय. मी पट्टा बरोबर त्याच्या खाली बांधला होता.

ओल्या पाठीनं मी उरलेली रात्र पडवीत खाटेवर काढली, पण झोप काही आली नाही. राग नव्हता आला, चुटपुट लागली होती. मी वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. एका चंचुपात्रातून दुसऱ्या चंचुपात्रात द्रव ओतायचा तर काचेची कांडी ओठाला लावून धरायची, द्रव कांडीला धरून खाली उतरतो, सांडत नाही, हे किती मुलांना करून दाखवलं असेल. स्वयंपाकघरात तर रोजच आहे. दूध पातेल्यातून हळू ओतलं की धार पुढं पडायच्या ऐवजी पातेल्याच्या पोटाला चिकटून मागं येते आणि ओट्यावर तळं होतं. झटक्यात ओतलं तर नीट पडतं. पाण्याला पृष्ठभाग धरून राहायला आवडतं. सोडायला त्याला निमित्त लागतं: एखादी टोकदार कड, किंवा असा वाक की जिथून पुढं उतार संपून चढ लागतो. आपला वायरमन खांबावरची वायर घरात घेताना भोकाच्या अलीकडे तिला खाली झोळ देतो ना, तो याचसाठी. वायर धरून आलेलं पाणी त्या झोळाच्या पोटाशी येतं, पुढं चढ दिसतो, तिथंच टपकतं. मीटरच्या पेटीत शिरत नाही. आता हॅमॉकचा विचार करा. झाडाला पट्टा डोक्याच्या उंचीवर, माणूस झोपतो तो खुर्चीच्या उंचीवर. दोन्हीकडून पट्टे चांगले उतरते, आणि सगळ्यात खालचा झोळ म्हणजे मी. वायरमनच्या भाषेत सांगायचं तर मीच ते टपकायचं ठिकाण होते.

एवढं सगळं येत असून रात्री तीनपर्यंत डोक्यात आलं नाही, याचीच ती चुटपुट.

आणि हे मला शाळेच्याही आधी माहीत असायला हवं होतं, कारण आमचं गावातलं जुनं घर धाब्याचं होतं. सागाच्या कड्या, त्यावर किलचन, वर मातीचा जाड थर आणि सगळ्यावर खारी माती. मृग लागायच्या आत माझे वडील, आप्पा, दरवर्षी धाब्यावर खारी टाकायचे. गाडीभर पांढरट माती अंगणात यायची, आम्ही पोरं पाट्या भरभरून शिडीवरून वर द्यायचो आणि आप्पा उकिडवे बसून ती हातानं पसरायचे, भाकरी थापल्यासारखी, कुठं जाड नाही कुठं पातळ नाही. धाब्याला डोळ्यांना न दिसणारा उतार असायचा आणि उताराच्या शेवटी भिंतीतून बाहेर आलेली पन्हाळ. पन्हाळ म्हणजे तरी काय, पत्र्याची अर्धी नळी. पहिल्या मोठ्या पावसात पन्हाळीतून पिवळट पाण्याची धार अंगणात धो धो पडायची, आणि आम्ही तिच्याखाली उभे राहायचो. पण पाऊस ओसरला की धार बारीक व्हायची, मग तिच्यातला जोर जायचा, आणि तेच पाणी पन्हाळीच्या ओठाखाली वळून उलटं भिंतीकडे यायचं. मोठ्या पावसानं आमच्या भिंतीचं कधी काही बिघडवलं नाही. भिंत खाल्ली ती रिपरिपीनं. मातीची भिंत, तिला रात्रभर एक बारीक ओघळ पुरतो.

आप्पांना आवाजावरून कळायचं. झोपेतून उठायचे, गोणपाटाची खोळ डोक्यावर घ्यायचे आणि बाहेर जायचे. मी एकदा मागं गेले होते. कंदील खाली ठेवून ते पन्हाळीखालच्या भिंतीवर हात ठेवून उभे होते, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा पूर्ण पंजा. मग त्यांनी खिशातून काहीतरी काढून पन्हाळीच्या ओठाला बांधलं. सकाळी पाहिलं तर केळीच्या सोपटाची पट्टी होती, वीतभर खाली लोंबणारी, आणि पाणी तिच्यावरून सरळ खाली उतरून अंगणातल्या दगडावर टपकत होतं. पुढच्या वर्षी त्यांनी पन्हाळीला हातभर पत्रा जोडून त्याचं टोक खाली वाकवलं. त्या काळात मला याचं काहीच वाटलं नाही. घरातली पुरुषमाणसं पावसाळ्यात काहीतरी बांधत-ठोकतच असायची.

आजोबांचं तर कामच ते. ते पांझरेच्या फडावर पाटकरी होते. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि चाऱ्यांवर फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाटकऱ्यानं फिरवायचं, शेतकऱ्यानं हात लावायचा नाही. आजोबा मला खांद्यावर बसवून पाटावर न्यायचे. त्यांच्या हातात फावडं असायचं पण ते फारसं वापरायचे नाहीत. चारीच्या तोंडाशी पायाच्या टाचेनं मातीचं एक ढेकूळ इकडचं तिकडं सरकवायचे, आणि पाणी थोडं थांबून, विचार केल्यासारखं करून, दुसऱ्या अंगाला वळायचं. शेवटाला जास्तीचं पाणी पुन्हा नदीला सोडायची वाट असायची. त्या वाटेत कोणी गवत वाढू दिलं तर आजोबा शिव्या घालायचे, एरवी माणूस मवाळ. वर धरण झालं, विहिरी झाल्या, ज्याच्या त्याच्या मोटारी झाल्या, आणि आमच्याकडच्या फडाचा जोर गेला. पाट अजून आहे. त्यात गावठी बाभळी आणि प्लास्टिकच्या पिशव्या आहेत.

सकाळी पाऊस उघडला. निंदणीला बाया आल्या, सहा-सात जणी. त्यांच्यातल्या एका तरुण पोरीबरोबर चारेक महिन्यांचं लेकरू होतं. तिनं जुन्या लुगड्याची झोळी आंब्याच्या आडव्या फांदीला बांधली, वर खताच्या पिशवीचं प्लास्टिक ताणलं, पोराला आत ठेवलं, दोन झोके दिले आणि विळा घेऊन निघाली. माझ्या मुलाला हॅमॉकची पिशवी उघडायला लागतो तेवढाही वेळ हे सगळं करायला तिला लागला नाही. मी चहाचा कप घेऊन झोळीपाशी गेले आणि दचकले. झोळीच्या दोराला, प्लास्टिकच्या खाली आणि पोराच्या डोक्याच्या वर, एक मळकट चिंधी गुंडाळून बांधलेली होती, तिचं शेपूट चार बोटं खाली लोंबत होतं, आणि शेपटाच्या टोकाला थेंब होता. फांदीवरून दोराला लागून आलेलं पाणी चिंधीपर्यंत येत होतं आणि तिथून बाजूला गळत होतं. चिंधीखालचा दोर कोरडा. हात लावून पाहिला, कोरडा.

मला काय वाटलं असेल ते ओळखा. रात्री जे गणित मी काचेच्या कांडीपासून मांडत बसले होते, ते या न शिकलेल्या पोरीनं एका चिंधीत सोडवलं होतं. आता यावर लिहायचंच, असं ठरवून मी तिच्यामागे वाफ्यापर्यंत गेले आणि विचारलं की हे कोणी शिकवलं, पाण्यासाठी चिंधी बांधायचं. ती कंबर सरळ करून माझ्याकडे बघायला लागली. “पानीसाठे? मुंग्या चढतस ना ताई, त्यानाकरता.” चिंधी रॉकेलमध्ये बुडवलेली होती. नाकाशी नेली असती तर मलाही कळलं असतं. बाकीच्या बाया हसल्या, मीही हसले. तिनं उगाच माझी समजूत काढल्यासारखं वर जोडलं, “पानीनं काय, पोऱ्या वल्ला व्हयना त रडीसन सांगस.”

तर माझा लेख तिथंच वाहून गेला. पण चिंधी काम करत होती हे खरंच होतं. मुंग्यांनाही थांबवत होती आणि पाण्यालाही.

दुपारी वहिनीकडे चिंधी मागायला गेले तेव्हा ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. तिनं जुन्या परकराची नाडी ओढून काढली आणि म्हणाली, ही घ्या, आता या परकराला इलॅस्टिकच घालणार आहे. सुती, विणलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली चांगली जाड नाडी. नायलॉनचा तुकडा सहज मिळाला असता, पण सुताला पाणी शोषायची सवय असते, ते पाण्याला आपल्याकडे ओढून घेतं. नायलॉनवरून ते नुसतं घसरतं. नाडीचे मी दोन तुकडे केले. ते बांधताना माझी पाठ घराकडे होती, आणि अचानक मनात आलं की ही दोन्ही झाडं कागदावर आता माझी नाहीत.

हे असं कधीमधी येतं. २००५ च्या कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हिस्सा दिला, हे मी शाळेत नागरिकशास्त्राच्या बाईंची रजा असताना त्यांच्या तासाला मुलींना समजावून सांगितलं आहे. आप्पा गेले त्यानंतर वर्षभरानं तालुक्याला जाऊन मी हक्कसोड पत्रावर सही केली आणि अंगठाही दिला. कोणी बळजबरी केली नाही. दादानं तर तोंडातून शब्द काढला नव्हता. काढला असता तर कदाचित मी भांडले असते. सही झाल्यावर त्यानं मला रसवंतीवर नेऊन उसाचा रस पाजला, आणि वहिनीनं त्या वर्षी दिवाळीला नेहमीपेक्षा भारी साडी घेतली. ती साडी मी नेसते. मला त्याचं वाईट वाटत नाही असं मी सांगते, आणि ते बरंचसं खरं आहे. दादानं या जमिनीत पाठ मोडून काम केलंय, मी काय केलंय? दिवाळी आणि आखाजीला येऊन भाकरी खाल्ली. पण त्या झाडाला पट्टा बांधायच्या आधी मी त्याला विचारलं होतं, “बांधू ना रे?” आणि विचारल्यावर माझं मलाच कसंतरी झालं होतं.

दुसऱ्या रात्री नाडी चुकीच्या जागी बांधली गेली. मी हुशारी करून ती झाडाजवळ बांधली, पाणी जितकं लांब अडवता येईल तितकं बरं म्हणून. पण तिथं वर ताडपत्री नव्हती. पट्ट्याचा जो भाग नाडी आणि ताडपत्रीच्या मध्ये उघडा होता, त्यावर पाऊस पडतच होता, आणि ते पाणी नाडीच्या पुढं असल्यामुळं बिनधास्त आत येत होतं. पाठ पुन्हा ओली. या वेळी मी उठून बसले नाही, पडल्या पडल्या टॉर्च लावला. आणखी एक गोष्ट दिसली. पट्टा विणलेला, रुंद. नुसतं त्याच्यावरून पाणी वाहत नव्हतं, त्याच्या विणीतही मुरलं होतं. पट्ट्याला नाडी बांधून अर्धंच पाणी निघणार. कडीच्या पुढं जी बारीक गोल दोरी आहे तिला बांधली तर वीण नाही, मुरणं नाही, सगळं पाणी बाहेरूनच येणार. आणि ती जागा ताडपत्रीच्या काठापासून वीतभर आत होती, म्हणजे नाडीच्या पुढं नवा पाऊस पडायचा प्रश्नच नाही, आणि माझ्या डोक्यापासूनही बरीच लांब, म्हणजे गळालं ते खाली मातीत.

तिसऱ्या दिवशी तशी बांधली. दोरीभोवती दोन घट्ट वेढे, कारण पाणी दोरीच्या ज्या अंगानं येईल त्या अंगाला नाडी भेटायला हवी, आणि टोक वीतभर खाली मोकळं. टोक दोरीला चिकटून राहिलं तर पाणी पुन्हा वर जाऊन बसतं, म्हणून त्याला खाली एक गाठ मारली, जड व्हावं म्हणून. पायाकडच्या बाजूलाही तसंच. तिथं आधी बांधलीच नव्हती. माझा समज असा की पाणी फक्त उशाकडून येतं. संध्याकाळी पाण्याची बादली घेऊन निंबाच्या खोडावर तांब्यानं पाणी ओतून पाहिलं. पट्टा भरला, कडी भरली, आणि नाडीच्या गाठीशी येऊन पाणी ठिबकायला लागलं. टप, टप, टप. पलीकडची दोरी कोरडी. दादा गोठ्याच्या दारात उभा राहून बघत होता. विचारलं काही नाही. थोड्या वेळानं जवळ आला, नाडीला बोट लावून बघितलं आणि म्हणाला, “आप्पानी पन्हाळले केयनं सोपट बांधं व्हतं.”

त्याला आठवत होतं. मला वाटलं होतं ते फक्त मीच पाहिलंय.

मुलाला फोन करून सगळं सांगितलं तर तो आधी हसला आणि मग म्हणाला, “आई, त्याच्यासाठीच तर पिशवीच्या आतल्या खिशात दोन छोट्या दोऱ्या ठेवल्यात ना. ड्रिप लाइन म्हणतात त्याला.” निळ्या रंगाच्या, हातभर लांबीच्या, दोन दोऱ्या. पाहिल्या होत्या मी. पहिल्याच दिवशी एकीनं मेथीची जुडी बांधून वहिनीला दिली होती, आणि दुसरी दादाच्या कुंपणाच्या फाटकाला आहे. मी त्याला सांगितलं नाही. फाटक छान बंद होतं त्या दोरीनं.

त्या रात्री पाऊस जोरात आला. ताडपत्रीवर आधी मोकळा मोकळा, मग एकसारखा. मी पाठीखाली हात घालून दोनदा पाहिलं, कोरडं. झोप लागली नाही, पण ती न लागण्यात सुख होतं. बेडूक, लांब कुठंतरी पाटातून का ओढ्यातून वाहणारं पाणी, आणि सगळ्यात जवळ उशाशी तो टप, टप, कधी पटापट, कधी थांबून. बारा-एकच्या सुमाराला पडवीचा दिवा लागला. पाय चिखलात पडल्याचा आवाज आला. दादा होता, डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात विजेरी. मी डोळे मिटून घेतले, का कोण जाणे. त्यानं उजेड माझ्या तोंडावर मारला नाही, हाताआड धरून कडीवर मारला. थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग वाकला, भिजलेली नाडी दोन बोटांत धरून वरून खाली नीट पिळून काढली, आणि पायाकडे जाऊन तिकडचीही पिळली. तसं करायची काहीच गरज नव्हती, उलट ओली नाडीच पाणी चांगलं ओढते. तो गेल्यावर थोडा वेळ टप टप थांबली. मग पुन्हा सुरू झाली.